पाणलोट क्षेत्र

पाणलोट क्षेत्र म्हणजे भूपृष्ठाचा असा सलग प्रदेश की ज्यावर पडलेल्या पावसाचे वाहते पाणी उतारानुसार एकत्र येऊन एकाच ठिकाणातून बाहेर पडते. हे ठिकाण एखाद्या ओढ्यावरील मोरी, धरणाची भिंत, दोन नद्यांचा संगम किंवा नदीचे मुख यांपैकी काहीही असू शकते. त्यामुळे पाणलोट क्षेत्राला ठराविक असे आकारमान नाही. शेताच्या कोपऱ्यातील ओघळीचे पाणलोट क्षेत्र काही गुंठ्यांचे असते, तर गोदावरीचे ३ लाख चौरस किलोमीटरहून अधिक भरते. लहान क्षेत्र मोठ्या क्षेत्राच्या पोटात सामावलेले असते. घराच्या अंगणात पडलेला पाऊस एकाच वेळी जवळच्या ओहोळाच्या, त्यापुढील ओढ्याच्या, उपनदीच्या आणि अखेर महानदीच्या पाणलोटात मोडतो.

संज्ञा

‘पाणलोट’ हा शब्द पाणी आणि लोट या दोन शब्दांपासून बनला आहे. लोट म्हणजे जोराने येणारा प्रवाह. वृत्तपत्रांतून ‘धरणाच्या पाणलोट क्षेत्रात मुसळधार पाऊस’ असा प्रयोग दर पावसाळ्यात वाचावयास मिळतो. तेथे धरणाच्या वरच्या अंगाचा, धरणात पाणी आणून सोडणारा प्रदेश अभिप्रेत असतो. मोठ्या नदीच्या संदर्भात ‘खोरे’ हा शब्द अधिक रूढ आहे.

दोन शेजारच्या पाणलोट क्षेत्रांना विभागणाऱ्या उंच रेषेस जलविभाजक म्हणतात. इंग्रजीतील ‘वॉटरशेड’ या शब्दाचा ब्रिटनमधील जुना अर्थ जलविभाजक असा आहे, तर अमेरिकेत तोच शब्द संपूर्ण पाणलोट क्षेत्रासाठी वापरला जातो. भाषांतरित पुस्तकांत या दोन अर्थांची सरमिसळ पुष्कळदा झालेली दिसते. कौलारू घराचे उदाहरण घेतल्यास भेद ध्यानात येतो. आढे हा जलविभाजक होय. आढ्याच्या दोन बाजूंस उतरणारी पाखी ही दोन स्वतंत्र पाणलोट क्षेत्रे होत, आणि पाख्याखालची पन्हळ ज्या टोकाशी पाणी सोडते ते त्याचे निर्गमस्थान होय.

सीमा आणि आकार

महाराष्ट्रातील सर्वांत ठळक जलविभाजक म्हणजे सह्याद्रीचा माथा. महाबळेश्वराच्या पठारावर एकमेकांपासून थोड्याच अंतरावर उगम पावणाऱ्या नद्यांपैकी सावित्री पश्चिमेस उतरून महाडमार्गे अरबी समुद्रास मिळते. कृष्णा मात्र पूर्वेकडे वळून सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करते आणि बंगालच्या उपसागरास मिळते. वेण्णा माहुली येथे व कोयना कऱ्हाड येथे कृष्णेला मिळत असल्याने त्यांची पाणलोट क्षेत्रे कृष्णेच्या खोऱ्याचे भाग ठरतात. माथ्यावर पडणाऱ्या सरीतील दोन थेंब हाताच्या अंतरावर पडूनही दोन वेगळ्या समुद्रांना जाऊ शकतात.

पाणलोटाच्या आकारावर पुराचे स्वरूप अवलंबून असते. गोलसर क्षेत्रात सर्व बाजूंचे पाणी जवळजवळ एकाच वेळी निर्गमस्थानी पोहोचते आणि पूर झपाट्याने चढतो. लांबट क्षेत्रात खालच्या भागातील पाणी निघून गेल्यावर वरच्या भागातील पाणी येते, म्हणून पूर कमी उंचीचा पण अधिक काळ टिकणारा असतो. उतार, मातीची जाडी, खडकाचा प्रकार आणि झाडोरा यांचाही परिणाम होतोच.

पाणलोटाची नैसर्गिक सीमा आणि गावाची सीमा सहसा जुळत नाहीत. अनेक गावांच्या शिवा ओढ्याच्या काठाने आखलेल्या असतात. त्यामुळे ओढ्याचा एक उतार एका गावात व दुसरा उतार दुसऱ्या गावात अशी एकाच पाणलोटाची फाळणी होते. नकाशावर ही बाब क्षुल्लक दिसते, परंतु पाण्याचे नियोजन एकट्या ग्रामपंचायतीला करता येत नाही याचे ते एक मोठे कारण आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याची विभागणी दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत केली आहे आणि भूजलाचा अंदाज तालुक्याबरोबरच या क्षेत्रांनुसारही काढला जातो.

पाण्याचा प्रवास

पावसाचा काही भाग पानांवर व गवतावर अडतो आणि तेथूनच बाष्परूपाने परत जातो. जमिनीवर पोहोचलेले पाणी प्रथम मातीत मुरते. मातीची शोषून घेण्याची गती पावसाच्या जोरापेक्षा कमी पडली, किंवा माती आधीच तृप्त झालेली असली, की उरलेले पाणी पृष्ठभागावरून वाहू लागते. यास अपधाव म्हणतात. मुरलेल्या पाण्यापैकी बराचसा भाग मातीतच ओल म्हणून राहतो व पिके आणि झाडे तो उपयोगात आणतात. सोलापूरच्या काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी एकही पाणी न देता येते ती याच ओलीवर. मातीची भूक भागल्यावर जे पाणी आणखी खाली झिरपते तेच भूजलात जमा होते.

भूजलही स्थिर नसते. ते उताराच्या दिशेने अत्यंत मंद गतीने सरकते आणि ओढ्यानाल्यांच्या तळाशी झऱ्यांच्या रूपाने पुन्हा प्रकट होते. पाऊस थांबल्यावरही काही महिने वाहणारा ओढा हा पावसाचे नव्हे तर भूजलाचे पाणी वाहून नेत असतो. म्हणून ओढा दिवाळीपर्यंत वाहतो की होळीपर्यंत, यावरून त्या पाणलोटाची प्रकृती ओळखण्याची जुन्या शेतकऱ्यांची रीत शास्त्राला धरूनच आहे.

या प्रवासानुसार पाणलोटाचे तीन भाग पाडले जातात. माथ्याकडील तीव्र उताराचा, उघड्या खडकाचा भाग हे अपधाव क्षेत्र. मधल्या सौम्य उताराचा, मुरमाड जमिनीचा भाग हे पुनर्भरण क्षेत्र. तळाकडील सपाट, खोल मातीचा भाग हे साठवण क्षेत्र. विहिरींना पाणी बहुधा साठवण क्षेत्रात लागते, पण ते मुरते वरच्या भागांत. विहिरीचा मालक आणि ज्याच्या रानात तिचे पाणी मुरते तो शेतकरी हे पुष्कळदा एकमेकांना ओळखतही नसतात.

बेसाल्टमधील साठा

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून हा खडक तयार झाला. अखंड काळा पाषाण पाणी धरीत नाही. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगांत, सच्छिद्र थरांत आणि दोन थरांमधील सांध्यांत. गंगेच्या गाळाच्या मैदानातील वाळूच्या तुलनेत ही जागा फारच थोडी असते. झिजलेल्या बेसाल्टमधून उपशाने मिळू शकणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के इतकेच असते.

याचा व्यवहारातील अर्थ एका हिशेबाने स्पष्ट होईल. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी झाले. १,००० हेक्टरचे गाव आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरल्यास गावावर ५० लाख घनमीटर पाणी पडते. आकडा डोळे दिपवणारा आहे. त्यातील दहा टक्के भूजलात गेले असे मानू. बेसाल्टच्या प्रदेशात हा अंदाज कंजूषपणाचा म्हणता येत नाही. म्हणजे वर्षाची भूजलाची कमाई ५ लाख घनमीटर, अर्थात सर्व गावावर पसरलेला ५० मिलिमीटरचा थर. उपलब्ध जागा २ टक्के धरली तर एवढ्याने विहिरींची पातळी सरासरी अडीच मीटर चढते. पहिल्या चांगल्या पावसांत विहीर भरभर चढलेली पाहून पाणी विपुल झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात भांडे अरुंद असते म्हणून पातळी लवकर चढते, आणि त्याच कारणाने ती लवकर उतरते.

आता खर्चाची बाजू. पाटाने भिजवलेल्या उसाला, पावसाचा वाटा वजा करूनही, वर्षाला दीड मीटर उंचीचे पाणी सहज लागते. हेक्टरी हे १५,००० घनमीटर झाले. गावाची वर्षाची सर्व कमाई ३३ हेक्टर उसात संपते. उरलेल्या ९६७ हेक्टरांना आणि पिण्यालाही काही राहत नाही. तेच पाणी रब्बी ज्वारीला तीन हलक्या पाळ्यांनी, हेक्टरी २,००० घनमीटर या प्रमाणात दिले तर २५० हेक्टर भिजतात. दिलेल्या पाण्यातील काही अंश पुन्हा झिरपतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे बदलतात. प्रमाण मात्र बदलत नाही.

खोल कूपनलिकांनी हा हिशेब सुटत नाही. त्या खालच्या सांध्यांमधील पाणी ओढतात. तेथील साठा अल्प असून तो भरण्यास वर्षानुवर्षे लागू शकतात. शिवाय हे सांधे वरच्या उथळ थरांशी जोडलेले असल्यास शेजारची विहीर कोरडी पडते.

मानवी हस्तक्षेपाचे परिणाम

डोंगरउतारावरील झाडे व गवत नाहीसे झाले की पावसाचे टपोरे थेंब थेट मातीवर आदळतात. मातीचे बारीक कण सुटून छिद्रे बुजवतात, मुरण्याची गती घटते आणि अपधाव वाढतो. वाहते पाणी सुपीक थर घेऊन निघते व ती माती खालच्या तलावांत आणि धरणांत गाळ होऊन बसते. एकाच कृतीने वर जमीन नापीक होते आणि खाली साठवण घटते. उताराला आडवी नांगरट केल्यास प्रत्येक तास लहानसा बांध होतो. उताराच्या दिशेने केलेली नांगरट मात्र पाण्याला वाट करून देते. नदीपात्रातील वाळूच्या उपशाचाही असाच परिणाम होतो. वाळूचा थर पुराचे पाणी धरून ठेवतो आणि काठच्या विहिरींना पुरवतो. तो नाहीसा झाल्यास पात्रात उरतो तो उघडा खडक.

शहरांत मुरण्याची क्रिया जवळपास थांबते. छपरे, रस्ते आणि फरसबंदी यांवरचे पाणी गटारांतून काही मिनिटांत नाल्यात पोहोचते. त्याच वेळी नाल्याचे पात्र भराव घालून अरुंद केलेले असते. मुंबईतील मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीस मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तिच्या काठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. इतका पाऊस कोणत्याही पाणलोटाला जड गेला असता; परंतु मिठी नावाची नदी आपल्या शहरात आहे हे त्या दिवशी अनेक मुंबईकरांना प्रथमच कळले. पुण्यात कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबिल ओढा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री असाच चढला व त्यात प्राणहानी झाली. याच कात्रजच्या पाणलोटातून पेशवाईत नळ बांधून शहराला पाणी आणले होते. एके काळी शहराची तहान भागवणारा पाणलोट पुढे पावसाळ्यात शहराच्या भीतीचा विषय झाला.

शहराचे सांडपाणीही पाणलोटाच्या वाटेनेच जाते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या वाट्याचे मुळा-मुठेतील पाणी भीमेतून उजनीच्या जलाशयात येते, आणि त्या जलाशयावर सोलापूर जिल्ह्याची शेती व अनेक गावांचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे.

काही ठिकाणी माणसाने जलविभाजकच ओलांडला आहे. भीमेच्या खोऱ्यात सह्याद्रीच्या माथ्यालगत बांधलेल्या टाटा कंपनीच्या धरणांतील पाणी बोगद्यांतून व नळांतून कोकणात सोडून वीज निर्माण केली जाते. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही वीजकेंद्रे त्यातून उभी राहिली. त्यांतील मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. कोयनेचे पाणीही वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीला मिळते. पूर्वेकडे जाणाऱ्या या पाण्याला पश्चिमेची वाट मिळाल्याने मुंबईला वीज मिळाली. भीमेच्या अवर्षणप्रवण खोऱ्याने मात्र ते पाणी गमावले, आणि ते परत पूर्वेस वळवावे ही मागणी अधूनमधून होत असते.

पाणलोट विकास

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार देण्यासाठी पाझर तलाव, नाला बांध आणि शेतांची बांधबंदिस्ती यांची कामे फार मोठ्या प्रमाणावर निघाली. ती बहुधा सुटी सुटी होती. वरचा उतार उघडाच राहिल्याने कित्येक पाझर तलाव गाळाने भरले. या अनुभवातून ‘माथा ते पायथा’ हे तत्त्व पुढे आले. प्रथम माथ्यावर सलग समतल चर, गवत व झाडे. मग ओघळींत दगडी बांध. त्याखाली शेतांची बांधबंदिस्ती. आणि अखेरीस ओढ्यावर बंधारे असा हा क्रम आहे. बंधारा डोळ्यांत भरतो, त्याचे उद्घाटनही करता येते. त्यामुळे व्यवहारात हा क्रम उलटा होण्याकडे कल राहतो.

या कामांनी नवे पाणी निर्माण होत नाही. पडलेल्या पाण्याचा पाणलोटातील मुक्काम वाढतो, इतकेच. वाढलेल्या मुक्कामाचा लाभ कोणी व किती घ्यावा हा त्यापुढचा प्रश्न होय, आणि अधिक अवघड प्रश्न तोच आहे.

पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी या प्रश्नापासूनच सुरुवात केली. व्यवसायाने अभियंते आणि उद्योजक असलेल्या साळुंखे यांनी १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केले. त्यातून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीला न जोडता माणसांना दिला. दर माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतके पाणी असे प्रमाण ठरले. भूमिहीनांनाही वाटा मिळाला. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क जात नसे, आणि उसासारखी पिके वर्ज्य होती.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही गावे पाणलोट विकासाची उदाहरणे म्हणून देशभर ओळखली जातात. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी १९७५ नंतर काम सुरू केले. हिवरे बाजारचे काम पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात, १९९० च्या दशकात झाले. या गावाचे क्षेत्र १,००० हेक्टरांच्या आतले असून पाऊसही कमी पडतो. म्हणजे वर मांडलेला हिशेब त्याला जवळपास लागू पडतो. तेथील चर आणि बंधारे पाहण्यास पुष्कळ लोक जातात. मात्र शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा, ऊस व केळी न लावण्याचा आणि दर वर्षीच्या पावसाचे मोजमाप करून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडण्याचा गावाचा नियम चरांइतकाच महत्त्वाचा आहे. तुटीच्या वर्षी आधी माणसे व जनावरे यांचे पाणी राखले जाते आणि उरलेल्या पाण्यावर पिके ठरतात. ज्या गावांनी चर तेवढे उचलले आणि नियम सोडला, तेथे वाढलेल्या पाण्यामागोमाग नव्या विहिरी व नवी बागायत आली.

राज्य शासनाने डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरणाला मोठे स्थान मिळाले. नाल्यातील गाळ काढण्यास सहसा आक्षेप नसतो. पण पात्र मूळ तळाच्याही खाली खोदल्यास दोन्ही काठांच्या उथळ थरांतील भूजल त्या खड्ड्यात उतरते. खड्ड्यात दिसणारे पाणी मग नवीन नसून शेजारच्या विहिरींचेच असू शकते, आणि ते उघड्यावर असल्याने उन्हाने उडूनही जाते. धुळे जिल्ह्यातील शिरपूर परिसरात खोल खोदाईला यश आले, ते तापीकाठच्या जाड गाळाच्या प्रदेशात. तीच रीत कठीण बेसाल्टात जशीच्या तशी वापरण्याबद्दल भूजलतज्ज्ञांनी इशारे दिले आहेत. शेततळ्यांचीही अशीच गत झाली. अपधावाचे पाणी साठवण्यासाठी कल्पिलेली शेततळी अनेक ठिकाणी प्लॅस्टिकचे अस्तर घालून विहिरी व कूपनलिकांच्या पाण्याने भरली जातात. सर्वांच्या जमिनीखालचे पाणी त्यामुळे एकाच्या तळ्यात येते.

वरचे आणि खालचे

भारतात जमिनीच्या मालकास तिच्याखालचे पाणी उपसण्याचा हक्क आहे ही धारणा जुनी आहे. पाणलोटाच्या स्वरूपाशी ती विसंगत आहे, कारण पाणी मालकीच्या बांधाशी थांबत नाही. महाराष्ट्रात १९९३ च्या भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर घेण्यास मनाई केली. २००९ च्या अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आणले आणि पाणलोट हे व्यवस्थापनाचे एकक मानले.

मोठ्या खोऱ्यात हाच प्रश्न जिल्ह्याजिल्ह्यांत उभा राहतो. गोदावरीवरील जायकवाडी धरणाच्या वर नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत अनेक धरणे आहेत. पाऊस कमी झाला की वरची धरणे भरतात आणि मराठवाड्यातील जायकवाडी रिकामे राहते. २००५ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये याविषयी आदेश दिला. त्यानुसार १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीतील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावे असे ठरले. तेव्हापासून तुटीच्या वर्षांत पाणी सोडण्याच्या वेळी वरच्या जिल्ह्यांत विरोध आणि खालच्या जिल्ह्यांत आंदोलने झाली आहेत. वाद न्यायालयांतही गेले. सोडलेल्या पाण्याचा काही भाग कोरड्या पात्रात मुरून व उडून वाटेतच संपतो, हा वरच्या बाजूचा आक्षेप असतो. पात्रात मुरलेले ते पाणी काठच्या विहिरींना मिळते, आणि त्या विहिरी बहुधा वरच्याच जिल्ह्यांतील असतात.